आईसाठी सहा पन्हे

"तोंड सुकू देऊ नकोस. बोललीस की तोंड सुकतं, आणि तोंड सुकलं की मोशी तुटते."

हा आवाज मी प्रत्यक्ष कधी ऐकलेला नाही. तो हेसुनताईच्या आईचा. पण ताईनं तो इतक्या वेळा सांगितला की आता मला तो माझ्याच घरातल्या कुणाचा तरी वाटतो. सोलच्या दक्षिणेला हानसान गावातलं ओलसर तळघर, एक गुडघा उघडा टाकून बसलेली आई आणि शेजारी सात वर्षांची हेसुन. मोशीच्या झाडाची साल भिजवायची, उन्हात पांढरी करायची, मग पुढच्या दातांनी चिरत चिरत केसासारखी बारीक करायची. दोन टोकं थुंकीनं ओली करून गुडघ्यावर वळली की जोड बसतो. कोरडी हवा लागली तर तोच धागा मागावर काडीसारखा मोडतो, म्हणून विणायचं तळघरात, भर उन्हाळ्यात, दारं लावून. त्या गावच्या बायकांच्या पुढच्या दातांना खाच पडलेली असते. ताईच्याही होती. एकाहत्तर साली बोखुम या जर्मन शहरात नर्सांच्या वसतिगृहात ती पहिल्यांदा हसली तेव्हा मला वाटलं, हिचा दात तुटलाय. मी आपली दुसरीकडे बघत राहिले.

यंदा मे महिन्यात तिच्या भाच्याचा, इनग्यूचा, फोन आला. टेकडीवरून नवा रस्ता जाणार होता आणि आजीची, म्हणजे ताईच्या आईची, कबर हलवणं भाग होतं. अधिक महिना जुलैच्या पंचवीस तारखेला लागणार, त्या महिन्यात वरच्या शक्तींची नजर माणसांवर नसते, म्हणून कबरी हलवायला तोच महिना सगळे धरतात. त्यानं चौदा ऑगस्टचा दिवस ठरवला होता. अस्थी नव्या कापडात गुंडाळाव्या लागतात, ते कापड दुकानात तयार मिळतं, आत्यानं काही काळजी करू नये, असं तो म्हणाला. ताईनं फोन उजव्या हातातून डाव्यात घेतला. मग म्हणाली, "कापड मी शिवून आणते. दुकानात जाऊ नकोस."

फोन ठेवल्यावर तिनं उजवा हात टेबलावर ठेवला आणि बोटं उघडझाप करून बघितली. गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. तो हात अजून पुरता परतला नव्हता.

हे एवढं का, ते सांगायचं तर मागं जावं लागेल.

आम्ही दोघी नर्स म्हणून एकाच विमानातून इकडे आलो. ती बावीसची, मी वीसची. मी सांग्जूची, ती हानसानची, त्यामुळे माझ्या बोलण्याला ती हसायची आणि तिच्या संथ बोलण्याला मी. आमच्या वॉर्डात म्हातारी माणसं होती, उचलून उचलून कमरा गेल्या. कामावरून आली की ताई मलमपट्टीच्या कापडाचे धागे काढायची आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यांना ताणून त्यांत विणायची. खोलीतल्या गरम नळ्यांमुळे हवा कोरडी, धागा तुटायचा. मग तिनं ओल्या चादरी खोलीभर टांगल्या. मला दोन हिवाळे खोकला होता. मोठ्या सिस्टरनं येऊन विचारलं, हे धोबीघर आहे का. ताईला जर्मन तेवढं कळत नव्हतं, तिनं मान डोलावून हो म्हटलं.

पुढं विणकामाच्या संध्याकाळच्या वर्गात तिनं नाव घातलं. तिथल्या बाईंनी तिचं काम बघून कलाशाळेत चिठ्ठी दिली. एकतिसाव्या वर्षी ताई अठरा-एकोणीसच्या पोरांबरोबर बाकावर बसली, अर्धा दिवस वॉर्ड आणि अर्धा दिवस शाळा. लग्न तिनं केलं नाही. कोळशाच्या खाणीत काम करायला आमच्याच देशातून आलेली माणसं पुष्कळ होती आणि दोघा-तिघांनी विचारलंही होतं. ती म्हणायची, "माझा माग एकाला पुरेल एवढी जागा घेतो. नवऱ्याला कुठं टांगू?" मी लग्न केलं, दोन मुलं झाली, नवरा गेला, आणि आता पुन्हा आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती दुसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्यावर.

चौऱ्याऐंशी साली तिनं घरी पत्र लिहिलं की इथलं सूत मनासारखं नाही, मोशीचं काही असलं तर पाठवा. डिसेंबरात पार्सल आलं. मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. आत मोशीचा एक ताका होता, पातळ आणि ताठ, सोयाबीनच्या पिठाची खळ दिलेला, इतका बारीक की खालचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. वर ताईच्या वहिनीचं, म्हणजे इनग्यूच्या आईचं, पत्र होतं, चार ओळींचं. आईनं हा ताका सात वर्षं जपून ठेवला होता. स्वतः चिरलेला, स्वतः विणलेला. यंदाचा महिना चांगला आहे. तुझ्याच हातानं व्हावं असं तिला वाटतं, सावकाश कर.

ताईनं ते दोनदा वाचलं आणि रडली. आईला तिचं काम समजलं, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं.

तो अधिक महिना होता. माझ्या भिंतीवर मठातून आलेलं पंचांग होतं, मी रोज पहाटे त्याच्यासमोरच एकशे आठ नमस्कार घालते, आणि त्या महिन्याभोवती मीच लाल पेन्सिलीनं चौकट काढली होती. आमच्याकडे अधिक महिन्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं वस्त्र शिवून ठेवतात. त्यानं माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. आणि त्या वस्त्राचं नाव पत्रात कुणी लिहीत नाही, तोंडानंही कुणी काढत नाही. "महिना चांगला आहे" एवढं पुरतं. गावातल्या कुठल्याही बाईला ते पुरलं असतं. आम्ही दोघी तेरा वर्षं बाहेर होतो, आणि आम्हाला पुरलं नाही.

ताईनं तो ताका उसवला. उभे आडवे सगळे धागे सुटे केले आणि छतापासून जमिनीपर्यंत टांगले, मध्ये माणूस उभा राहील एवढी पोकळी ठेवून. प्रदर्शनवाल्याला तिनं खोलीत पाण्याच्या बादल्या ठेवायला लावल्या. तो म्हणाला, शेजारच्या खोलीतली चित्रं कुजतील. ती म्हणाली, मग चित्रं हलवा. त्या कामानं तिचं नाव झालं. वर्तमानपत्रात फोटो आला, संग्रहालयानं ते विकत घेतलं, पुढच्या वर्षी तिनं नर्सची नोकरी सोडली. नंतर ती झ्युरिकला गेली, क्योतोला गेली, सोलमध्येही तिचं मोठं प्रदर्शन झालं. वीस वर्षं तिनं कलाशाळेत शिकवलं. ओल्या खोलीत काम करायचं, हे तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडून घेतलं आणि त्यांना सगळ्यांना खोकला झाला.

फोटो तिनं घरी पाठवला होता, अभिमानानं. आईनं तो भिंतीला लावला.

सत्त्याऐंशीच्या वसंतात आई गेली. ताई पोचेपर्यंत तिला नेसवून झालं होतं, बाजारातून आणलेल्या जाड्याभरड्या कापडात. वहिनी चुलीपाशी होती. तिनं ताईला गरम पाणी दिलं आणि एकच वाक्य बोलली, "तू शिवून पाठवशील म्हणून अडीच वर्षं ती टपालवाल्याची वाट बघत होती." त्यानंतर त्या दोघींमध्ये सणावाराचं बोलणं होतं, पैसे पोचले, पार्सल पोचलं, एवढंच. मला हे ताईनं परत आल्यावर वर्षभरानं सांगितलं, आम्ही किमचीसाठी लसूण सोलत होतो तेव्हा. सांगितलं आणि पुढचा लसूण घेतला. मी सुरी खाली ठेवली. पंचांगातली लाल चौकट मला तेव्हा आठवली.

तर यंदा, फोन झाल्यावर, ताईनं आधी संग्रहालयाला पत्र लिहिलं. ते काम परत मिळेल का, किंमत मी देते, मला ते धागे पुन्हा विणायचे आहेत. संचालिका हायडेनबाई स्वतः आल्या, सफरचंदाचा केक घेऊन. फार चांगल्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि सांगितलं की संग्रहातली वस्तू जमिनीत पुरण्यासाठी देता येत नाही, तसा नियमच नाही. त्या गेल्यावर ताईनं केकचा तुकडा मला वाढला.

"त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी विकलं ना. आणि सांगितलं काय मी त्यांना तेव्हा? आईचं आहे म्हणून? मलाच माहीत नव्हतं."

मग तिनं इनग्यूला सांगून गावातून एक ताका मागवला. तो जुलैत आला. तिनं खिडकीपाशी धरून बघितला, नखानं धागे मोजले आणि चांगला आहे म्हणाली. आईच्या हातचा नाही, हे आम्ही दोघी बोललो नाही.

मोशीचा पन्हा अरुंद असतो, वीत-दीड वितीचा. अस्थी गुंडाळायच्या तर सहा पन्हे जोडावे लागतात, म्हणजे पाच शिवणी, एकेक नऊ वितींची. एकूण पंचेचाळीस विती. अधिक महिना लागायच्या आधी सुई लावायची नाही. ऑगस्टच्या अकरा तारखेचं विमान होतं. हिशेब आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर केला, रोज तीन विती झाल्या पाहिजेत. धडधाकट बाई हे दोन दिवसांत उडवील. ताईला एक वीत शिवायला दीड तास लागत होता. सुई चिमटीत धरायची, ती सुटायची, पुन्हा धरायची. दोऱ्याला गाठ मारायची नाही, ती रीत आहे, त्यामुळे पहिला टाका हाती आला तरी दोरा निसटून यायचा. सुईत दोरा ओवून देणं एवढं माझं काम. त्याच्यापुढं तिनं मला हात लावू दिला नाही.

शनिवारी दाल्ले येते. तीही आमच्याच तुकडीतली नर्स, आता ऐंशीला टेकली आहे, गाडी अजून स्वतः चालवते आणि तोंडही. तिनं कापड बघितलं, ताईची शिवण बघितली.

"हेसुन, ही शिवण आहे का गं, की दारू पिऊन घरी आलेल्या माणसाची वाट?"

"चष्मा पूस."

"पुसलाय. माझ्याकडे मशीन आहे. तासाभरात करून देते, वर किनारही घालते. तुझी आई काय उठून बघणार आहे?"

ताईनं टाका पुरा केला. "तिनं मशीनवर विणलं असतं तर मीही शिवलं असतं मशीनवर."

दाल्लेनं बटाटे सोलायला घेतले आणि जाताना आंबवलेल्या सोयाबीनचं डबाभर कालवण ठेवून गेली.

खरं सांगायचं तर दाल्लेचं बोलणं मला लागलं होतं. शिवण वाकडी होती. ज्या हातानं दोन मजले उंचीचे धागे रेषेत सोडले, ज्याचे फोटो पुस्तकांत आहेत, त्या हाताची ही शिवण. गावातले लोक ती उलगडून बघणार. वहिनी बघणार. अडतीस वर्षांनी आलं ते हे, असं कुणी म्हणेल, याचं मला दुःख होत होतं. माझी शिवण सरळ येते. माझ्या नवऱ्याचे सदरे मीच शिवायची.

ऑगस्टच्या दोन तारखेला दुपारी ताई झोपली असताना मी चौथी शिवण हातात घेतली. तिच्या शेवटच्या टाक्यापासून पुढं दोन विती घातल्या, बारीक धावदोरा, गाठ न मारता, रीत सांभाळून. मनात म्हटलं, दिवसभराचं काम मी वाचवतेय. कापड होतं तसं घडी करून ठेवलं. मी खोटं बोलत नाही, तो माझा नेम आहे, पण कुणी विचारलंच नाही तर बोलावं लागणार नाही, असंही मी मनात ठरवलं होतं.

ताई उठली, चहा घेतला, कापड मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून शिवणीवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. तिची सवयच आहे ती. एका जागी बोट थांबलं.

"हा कुणाचा हात?"

"माझा."

"किती?"

"दोन विती."

तिनं बाहेर बघितलं. बाल्कनीत तिळाच्या पानांची कुंडी आहे, तिच्याकडे. "ओकनिम, तुझ्या आईचं तू शिवलंस?"

"नाही ताई. माझ्या बहिणीनं शिवलं."

"कसं झालं होतं?"

"मी बघितलं नाही."

"मग तुला कसं कळणार," ती म्हणाली. रागानं नाही. तिनं कात्री मागितली. मी उसवते म्हटलं तर मान हलवली. मोशी उसवताना धागा फाटतो, फार जपून करावं लागतं. तिच्या हातानं ती दुपार गेली, आणि दुसरा दिवसही जवळजवळ सगळा गेला. मी समोर बसून होते. दोन दिवस वाया गेले ते माझ्यामुळे, आणि ती एका शब्दानं मला काही बोलली नाही. त्या आठवड्यात सकाळचे नमस्कार घालताना मी आकडा दोनदा चुकले. पुन्हा पहिल्यापासून घातले.

नंतर तिनं वेळ वाढवला. सकाळी उठल्याबरोबर बसायची. कलाशाळेतला एक जुना विद्यार्थी भेटायला आला, आता त्याचे केस पांढरे झालेत, त्याच्यासमोरही ती शिवत राहिली. त्यानं मला हळूच विचारलं, हे नवीन काम आहे का, कुठं लागणार आहे. मी सांगितलं, हानसानला, टेकडीखाली. तो चांगलं आहे म्हणाला.

आठ तारखेला सकाळी मी वर गेले तर ताई खुर्चीत कलली होती. तोंडाची एक बाजू सुटलेली, सुई गालिच्यावर. आम्ही दोघी नर्स, काय झालं ते तिलाही कळलं आणि मलाही. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, जिवाला धोका नाही, बोलणंही येईल. पण उजव्या हाताचं आत्ताच काही सांगता येत नाही, आणि विमानाचं तर नावच नको.

मी घरी येऊन सुई शोधून काढली. कापड उलगडलं. चार शिवणी पुऱ्या झाल्या होत्या. पाचवीच्या पाच विती झाल्या होत्या, चार उरल्या होत्या. माझे ते दोन दिवस हाताशी असते तर पाच विती होऊन गेल्या असत्या. हे मी कुणाला म्हटलं नाही. मोजायला काही वेळ लागत नाही.

इनग्यूला फोन केला. त्याला वाईट वाटलं. पण रस्तेवाल्यांनी तारीख दिलेली, दगडाचं काम करणारे ठरलेले, अधिक महिना बावीसला संपतोय आणि चौदानंतर एकही दिवस मोकळा नाही. "तुम्ही आत्याला काही सांगू नका," तो म्हणाला. "मी दुकानातलं आणून ठेवतो. आजीला एकदा तसंच नेलं होतं, अजून एकदा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब.

दहा तारखेला ताईला बसवलं होतं. मी कापड पिशवीत घालून नेलं होतं, तिला दाखवावं की नाही याचा विचार करत. तिनं पिशवीकडे बघितलं आणि डावा हात पुढं केला. मी कापड तिच्या पांघरुणावर उलगडलं. शेजारच्या खाटेवरच्या जर्मन आजीनं विचारलं, पडदे का. मी हो म्हटलं, मग जीभ चावली आणि नाही म्हटलं.

ताई डाव्या हातानं सुई धरायला बघत होती. मी ओवून दिली. तिनं एक टाका घातला, तो कुठंच बसला नाही. दुसरा घातला. नर्स आली आणि सुई बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या, आमच्या काळी आम्हीही घातल्या असत्या. ताईनं सुई मला परत दिली.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही सांगाल तसं. उघडी ठेवू? की मी..."

तिला बोलायला वेळ लागत होता. एकेक शब्द तोंडात आधी जमवावा लागत होता. "तू नाही."

"बरं."

"वहिनी."

मला आधी कळलं नाही. वहिनी आता एकोणनव्वदची, सचॉनच्या वृद्धाश्रमात. मोशी चिरणाऱ्या त्या गावच्या शेवटच्या दोघी-तिघींतली ती एक होती. दातांच्या खाचा खोल होत होत दात गेले आणि तिचं काम थांबलं.

"वहिनींना शिवायला द्यायचं?"

ताईनं मान डोलावली. "तिनंच नेसवलं होतं. बाजारचं. तिच्या हातानं." थोडं थांबली. "तिला तेही करावं लागलं, माझ्यामुळं. चार विती तिच्या."

"त्यांना जमेल?"

"दात गेलेत. डोळे नाही गेले." तोंडाची चांगली बाजू जरा वर गेली. "माझ्यापेक्षा सरळ शिवेल. बघ."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

डावा हात कापडावर तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिनं मला कधी काही मागितलं नव्हतं. ओल्या चादरींखाली झोपवलं, तेसुद्धा न विचारता. आताही तिनं शब्दानं मागितलं नाही. मी गेली बावीस वर्षं देशात गेले नव्हते. माझा गुडघा धरतो, विमानात मला श्वास लागतो, आणि ज्या बाईला मी आयुष्यात दोनदा भेटले तिच्यासमोर हे कापड ठेवायचं म्हणजे काय काय ऐकावं लागेल, तेही मला माहीत होतं.

"मी नेते," मी म्हटलं. "चौदाच्या आत त्यांच्या हातात देते. टाके त्या घालतील तोवर समोर बसते. आणि टेकडीवर मीच घेऊन जाते."

"फार बोलू नकोस तिच्याशी," ताई म्हणाली.

दाल्लेनं संध्याकाळभर फोनवर बसून ताईचं तिकीट माझ्या नावावर करायला बघितलं. होत नाही म्हणणाऱ्या विमान कंपनीच्या माणसाशी भांडली, आणि शेवटी मला नवीनच काढून दिलं. इनग्यूला मी एवढंच सांगितलं की विमानतळावर ये, दुकानात जाऊ नकोस, आणि तुझ्या आईला भेटायची वेळ विचारून ठेव. तो म्हणाला, आईला मी आज सकाळीच सांगितलं आत्याचं. जेवताना तिनं नर्सला विचारलं, आज तारीख काय.

अकरा तारखेला मी नेहमीच्या वेळी उठले. नमस्कार घालायला गुडघ्यामुळे हल्ली पाऊण तास लागतो. आज मध्ये थांबले नाही. कापडाची घडी कडा बाहेर न येऊ देता सात वेळा दुमडून पांढऱ्या फडक्यात बांधली, फडक्यालाही गाठ न मारता, पदर आत खोवून. सुया आणि दोऱ्याचं रीळ सामानाच्या पेटीत घातलं. विमानात सुई नेऊ देतात की नाही, हे दाल्लेनंही सांगितलं नव्हतं, आणि विचारून घोळ वाढवायचा नव्हता. कापड मात्र पेटीत ठेवलं नाही. ते मांडीवर राहील अशी एक वेगळी पिशवी घेतली. वर जाऊन ताईच्या कुंडीला पाणी घातलं आणि गॅस बघितला.

दाल्ले खाली गाडी घेऊन आली होती. हॉर्न वाजवू नकोस असं मी तिला बजावलं होतं आणि तिनं वाजवला नाही. जिन्यातला दिवा चालू केला, पेटी एकेक पायरी खाली उतरवली, आणि पिशवी छातीशी धरून मी बाहेर पडले.